दोन मजलांचे अंतर

चंदीगड हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे उभे राहते ते एक नवे शहर. सरळ रस्ते, आखीव विभाग, मोकळी मैदाने आणि मागे शिवालिक टेकड्यांची निळसर रेघ. पंडित नेहरूंनी १९५२ मध्ये या शहराची कोनशिला बसविली आणि ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाने त्याला रूप दिले. त्यामुळे या शहराला भूतकाळच नाही, अशी अनेकांची समजूत असते. शहर नवे आहे हे खरे. पण ज्या भूमीवर ते उभे आहे ती फार जुनी आहे. मोगल अमदानीत हा सारा मुलूख सरहिंदच्या सरकारात मोडत असे. ज्या चंडीमंदिरावरून शहराला नाव मिळाले त्या चंडीमंदिराच्या परिसरात १९८५ पासून भारतीय सेनेच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय आहे. शहराच्या दुसऱ्या कडेला, मोहालीला लागून, छप्पर चिडीचे रणक्षेत्र आहे. तेथे १७१० मध्ये बंदा बहादुराने सरहिंदच्या फौजदाराचा पराभव केला. आणि तेथून पश्चिमेकडे वीसपंचवीस कोसांच्या आत खुद्द सरहिंद आहे.

या सरहिंदशी मराठी माणसाचे एक नाते आहे, आणि त्याचा त्याला बहुधा विसर पडलेला असतो. ‘अटकेपार झेंडे लावले’ हा वाक्प्रचार मराठी घराघरांत ऐकू येतो. परंतु अटकेकडे जाणारा तो रस्ता सरहिंदवरून गेला, तो मराठ्यांनी एकट्याने उघडला नाही, आणि तो उघडण्यासाठी तीन वेगवेगळ्या सत्तांना एकत्र बसून बेत आखावा लागला, ही गोष्ट त्या वाक्प्रचाराच्या झगमगाटात झाकली गेली आहे. १७५८ च्या वसंतात मराठे, शीख आणि आदिनाबेग यांनी मिळून केलेली ही मोहीम म्हणजे युद्धकाळात मित्रपक्षांनी संयुक्त योजना कशी करावी, आणि कोठे चुकू नये, याचा एक पूर्ण धडाच आहे.

दोघांचा शत्रू एक असला म्हणजे दोघांचे हेतूही एक असतात, असे मुळीच नाही. किंबहुना शत्रू एक आणि हेतू अनेक, हीच युतीची नेहमीची स्थिती असते. म्हणून मित्रसैन्यांना रणांगणावर पाऊल टाकण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. कूच कोणी कोणत्या क्रमाने करावयाचे? खर्च कोणी सोसावयाचा? हाती येणारी लूट कोणाची? आणि चौथा, सर्वांत अवघड प्रश्न : विजय मिळाल्यानंतर त्या भूमीवर कोणी राहावयाचे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर लढाई जिंकता येते. चौथ्याचे उत्तर मिळाले नाही तर जिंकलेले टिकत नाही.

१७५७ च्या प्रारंभी अहमदशहा अब्दाली दिल्लीत शिरला. राजधानी लुटली गेली, मथुरेत कत्तल झाली, आणि परत जाताना पंजाब व सरहिंद आपल्या राज्याला जोडून त्याने आपला अल्पवयीन मुलगा तैमूरशहा याला लाहोरास बसविले. त्याच्या पाठीशी जहानखान हा अनुभवी सेनापती होता. सरहिंदचा कारभार अब्दुस्समदखानाकडे देण्यात आला. दिल्लीचा बादशहा नावापुरता राहिला होता. अशा वेळी अफगाणांना पंजाबातून हुसकावून लावण्याची इच्छा तिघांच्या मनात होती. परंतु तिघांची कारणे तीन होती.

पहिला होता आदिनाबेगखान. तो जालंधर दुआबाचा फौजदार. सामान्य स्थितीतून वर चढलेला, हिशेबात पक्का आणि स्वभावाने अत्यंत धूर्त असा हा गृहस्थ. शिखांचा बंदोबस्त करणे हे त्याचे सरकारी काम. पण शिखांचे बंड पुरते मोडले तर आपली गरज उरणार नाही, हे ओळखून तो त्यांच्याशी कधी लढे, कधी आतून सख्य राखी. जहानखानाने त्याला लाहोरास बोलाविले तेव्हा तो गेला नाही. डोंगरात निघून गेला. त्याला हवी होती पंजाबची सुभेदारी.

दुसरे होते शीख. त्यांचे सैन्य एका राजाच्या हुकमतीखाली नव्हते. निरनिराळे जथे, त्यांचे निरनिराळे सरदार, आणि सर्वांचा मिळून १७४८ पासून संघटित झालेला दल खालसा. त्यात जस्सासिंग अहलुवालिया हा सर्वांत मान्य पुढारी. अमृतसरला सर्वांनी जमावे, ग्रंथसाहिबासमोर निर्णय करावा आणि तो सर्वांनी पाळावा, अशी त्यांची रीत. १७५७ मध्ये अफगाणांनी कर्तारपूरचा गुरुद्वारा जाळला आणि अमृतसरचे पवित्र सरोवर भ्रष्ट केले. सरहिंदविषयी तर त्यांच्या मनात अर्ध्या शतकाची आग होती, कारण गुरू गोविंदसिंगांच्या दोन कोवळ्या मुलांचा बळी याच शहरात घेतला गेला होता. शिखांना हवा होता सूड, आणि त्याहूनही अधिक हवी होती आपली भूमी. डिसेंबर १७५७ मध्ये माहिलपूर येथे शीख आणि आदिनाबेग यांनी मिळून अफगाण फौजेला मार दिला. तथापि लाहोर घेण्याइतके बळ त्या दोघांजवळ नव्हते.

ते बळ तिसऱ्याजवळ होते. रघुनाथराव पेशवे मल्हारराव होळकरांसह उत्तरेत आले होते आणि १७५७ च्या पावसाळ्यात त्यांनी दिल्ली आपल्या धाकाखाली आणली होती. अब्दालीचे पाऊल पंजाबातून निघावे, म्हणजे दिल्लीवरचे आपले वर्चस्व निर्वेध होईल, हा मराठ्यांचा हेतू. परंतु त्यांच्यापुढे एक जुनाच प्रश्न होता, पैशाचा. दक्षिणेपासून इतक्या दूर असलेली फौज रोजच्या खर्चाने खंगत होती.

आदिनाबेगाने नेमके हेच दुखणे हेरले. त्याने रघुनाथरावांना निरोप धाडला : फौज पंजाबात आणावी; कूच होईल त्या दिवसाचे एक लाख रुपये आणि मुक्काम पडेल त्या दिवसाचे पन्नास हजार रुपये आपण देऊ. या दोन आकड्यांतील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. फौज चालत राहिली तर पुरा मोबदला, बसून राहिली तर अर्धा. मित्राचे सैन्य आपल्या मुलखात येऊन आळसावून पडू नये, याची तजवीज करारातच झाली होती. तथापि याच कलमात पुढच्या अडचणीचे बीजही होते. जो दर फौजेला वेगाने आणतो तोच तिला दीर्घकाळ ठेवणे अशक्य करतो. लाहोर हाती आल्यावर मराठ्यांनी पंजाबात ठाण मांडून राहावे, ही गोष्ट आदिनाबेगाला परवडणारी नव्हती. आणि पुऱ्या पैशावाचून राहणे मराठ्यांना परवडणारे नव्हते. अर्थात, खर्चाचा प्रश्न सुटला तो केवळ जाण्यापुरता. राहण्यापुरता सुटला नाही.

मार्च १७५८ च्या दुसऱ्या आठवड्यात मराठी फौज बादशाही रस्त्याने राजपुऱ्यावरून सरहिंदपुढे येऊन उभी राहिली. एका बाजूने आदिनाबेग आणि शीख जथे आले. अब्दुस्समदखानाने काही दिवस किल्ला लढविला. पण तीन सैन्यांच्या वेढ्यापुढे त्याचा निभाव लागला नाही. २१ मार्चच्या सुमारास सरहिंद पडले आणि खान स्वतः कैद झाला.

आणि येथेच युतीची पहिली कसोटी लागली. शहरात शीख आधी शिरले. या शहराची एकेक वीट त्यांच्या दृष्टीने सुडाची होती. त्यांनी जी लूट केली तीत मागून येणाऱ्यांसाठी फारसे काही उरले नाही. मराठे संतापले. इतक्या दुरून आलेल्या शिपायाला पगाराइतकीच लुटीची आशा असते. शब्दाने शब्द वाढला, दोन्ही बाजूंची हत्यारे उपसली गेली आणि शत्रूचा किल्ला हाती आल्याच्या दिवशीच मित्र मित्रांवर तुटून पडतात की काय, अशी वेळ आली.

तंटा मिटला तो एका साध्या पण अत्यंत व्यावहारिक तोडग्याने. असे ठरले की यापुढे कूच करताना शीख नेहमी मराठ्यांच्या दोन मजला पुढे राहतील. एक मजल म्हणजे सैन्याची एका दिवसाची वाट. म्हणजेच दोन सैन्यांत दोन दिवसांचे अंतर कायम राहावयाचे.

युद्धशास्त्राच्या दृष्टीने या तोडग्याकडे पाहिले तर त्यातील गुण स्पष्ट होतात. हजारो घोड्यांची फौज एका ठिकाणी उतरली की पहिला कलह पाण्यावरून होतो, दुसरा वैरणीवरून आणि तिसरा धान्यावरून. दोन फौजा एकाच विहिरीवर एकाच संध्याकाळी पोहोचल्याच नाहीत तर हे तिन्ही कलह उद्भवत नाहीत. शिवाय आघाडी कोणाकडे असावी? ज्याला वाटा, उतार आणि गावे ठाऊक आहेत त्याच्याकडे. सतलज आणि बियास कोठे पायउतार आहेत, शत्रूची ठाणी कोठे आहेत, कोणते गाव आपल्याला सामील होईल, हे शीख स्वाराला जन्मापासून माहीत होते. हलक्या, चपळ, स्थानिक जथ्यांनी पुढे जाऊन शत्रूला बिथरवावे आणि मागून येणाऱ्या मोठ्या फौजेने त्याचा कणा मोडावा, ही योजना उभय सैन्यांच्या स्वभावाला अनुरूप होती. कूच आणि लूट या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कलमात सापडले.

ही योजना कमालीची यशस्वी झाली. संयुक्त फौजा येत आहेत, हे कळताच तैमूरशहा आणि जहानखान यांनी एप्रिलमध्ये लाहोर सोडले. पाठलाग होत राहिला. चिनाब नदी ओलांडण्याच्या घाईत त्यांना आपले सामान आणि मागे राहिलेले बरेच लोक टाकून द्यावे लागले. मराठ्यांच्या बाजूने मानाजी पायगुडे आदी सरदार या पाठलागात होते. हाती सापडलेल्या अफगाणांना शिखांनी अमृतसरला नेले आणि त्यांच्याच हातून पवित्र सरोवर साफ करून घेतले. लाहोरच्या शालिमार बागेत आदिनाबेगाने रघुनाथरावांचा मोठ्या थाटाने सत्कार केला. त्या दिवशी कारंज्यांतून गुलाबपाणी उडत होते, अशी वर्णने आहेत. पुढे मराठ्यांची ठाणी अटकेपर्यंत गेली. ४ मे १७५८ रोजी रघुनाथरावांनी लाहोराहून पेशव्यांना जे पत्र लिहिले त्यात काबूल आणि कंदाहार यांवर हक्क सांगण्यापर्यंत त्यांची आकांक्षा पोहोचलेली दिसते.

पण चौथा प्रश्न अजून उरला होता. पंजाबात राहणार कोण?

मराठ्यांनी उत्तर दिले ते असे : सुभेदारी आदिनाबेगाकडे असावी आणि त्याने वर्षाला पंचाहत्तर लाख रुपये द्यावे. मे महिन्यात रघुनाथराव परतीच्या वाटेला लागले. उन्हाळा कडक झाला होता, पावसाळ्यात पाच नद्यांना पूर आला म्हणजे परतीचा मार्गच खुंटला असता, आणि फौज घराकडे डोळे लावून बसली होती. या प्रत्येक कारणात तथ्य होते. तथापि या व्यवस्थेत एका पक्षाचे नावच नव्हते. जे दोन मजला पुढे चालले, ज्यांनी उतार दाखविले, ज्यांची ही भूमी होती, त्या शिखांना या तडजोडीत स्थान मिळाले नाही.

असे का व्हावे? याचे एक कारण त्या दोन मजलांतच दडलेले असावे. त्या अंतराने तंटे टळले हे खरे. परंतु त्याच अंतराने परिचयही टळला. दोन्ही सैन्ये एका रस्त्याने चालली, पण एका तळावर क्वचितच उतरली. त्यांच्यात बोलणी होत ती बहुतांशी आदिनाबेगाच्या द्वारे, आणि त्या दोघांनी परस्परांना थेट ओळखावे यात आदिनाबेगाचे हित नव्हते. शिवाय निर्णयाच्या रीतीही भिन्न होत्या. रघुनाथरावांना मोठ्या गोष्टीसाठी पुण्याच्या पत्राची वाट पाहावी लागे आणि ते पत्र यावयास कित्येक आठवडे लागत. शिखांचा निर्णय सर्वांच्या जमावात होई. आदिनाबेग मात्र आपला निर्णय एका क्षणात घेऊ शके. अशा तिघांच्या युतीत जो सर्वांत लवकर निर्णय घेतो त्याचीच इच्छा तडीस जाते.

परिणाम दिसावयास वेळ लागला नाही. सुभेदार होताच आदिनाबेगाने शिखांवरच शस्त्र धरले. त्यांचे आश्रयस्थान असलेली अरण्ये तोडण्यासाठी त्याने शेकडो सुतार कामाला लावले. कालचा मित्र आज शत्रू झाला. आणि सप्टेंबर १७५८ मध्ये आदिनाबेगच मरण पावला. ज्या एका माणसाच्या खांद्यावर सगळी व्यवस्था उभी होती तो गेल्यावर वर्षाचे पंचाहत्तर लाख तर राहोतच, पंजाबात मराठ्यांचा म्हणून कोणी भरवशाचा माणूस उरला नाही. रघुनाथराव दक्षिणेत पोहोचले ते सुमारे ऐंशी लाखांचे कर्ज बरोबर घेऊन. पुढे साबाजी शिंदे लाहोरास आले. पण त्यांच्यापाशी लहानशी फौज होती. दत्ताजी शिंद्यांकडे पुण्याहून एकाच वेळी अनेक कामे सोपविलेली होती : लाहोरचा बंदोबस्त, नजीबाचे पारिपत्य, बंगालची स्वारी आणि कर्जाची फेड. १७५९ च्या अखेरीस अब्दाली स्वतः सिंधू ओलांडून आला तेव्हा साबाजींना लाहोर सोडावे लागले, आणि १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले.

त्यानंतरची कथा प्रत्येक मराठी श्रोत्याला ठाऊक आहे. सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला गेला तेव्हा तेथे जे अफगाण सरदार मारले गेले त्यांत एक होता अब्दुस्समदखान, सरहिंदास अडीच वर्षांपूर्वी हाती सापडलेला तोच. शत्रू तोच होता, मुलूखही फार दूरचा नव्हता. फक्त मित्र बरोबर नव्हते. पतियाळाच्या आलासिंगाकडून मराठी छावणीला काही काळ धान्य मिळत राहिले, हा अपवाद. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर दल खालसा मराठ्यांच्या बाजूला उभा नव्हता. आणि तोच अब्दाली विजयी होऊन परतत असता याच शीख जथ्यांनी पंजाबात त्याच्या पिछाडीवर छापे घातले. मराठे लढले, शीखही लढले. एकाच शत्रूशी लढले, परंतु वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या ठिकाणी. दोन मजलांचे अंतर आता दोन महिन्यांचे झाले होते.

हा दोष केवळ अठराव्या शतकातील हिंदुस्थानचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रज आणि फ्रेंच एकाच आघाडीवर खांद्याला खांदा लावून लढत होते. तरी दोन्ही सैन्यांच्या हालचालींचा मेळ घालण्याचे काम मार्शल फॉश यांच्याकडे सोपविण्यास मार्च १९१८ उजाडावा लागला. साडेतीन वर्षे लोटली, लक्षावधी माणसे पडली आणि जर्मनांची मोठी चढाई छातीवर आली, तेव्हा कोठे ते साधले. त्या अनुभवाने शहाणे होऊन दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड आणि अमेरिका यांनी १९४२ च्या आरंभीच दोन्ही देशांच्या सेनाप्रमुखांचे एक संयुक्त मंडळ वॉशिंग्टन येथे स्थापिले.

भारताच्या अलीकडच्या इतिहासातही याचे एक बोलके उदाहरण आहे. १९७१ मध्ये भारतीय सेना आणि बांगलादेशची मुक्तिवाहिनी यांची संयुक्त आघाडी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांच्या सेनापतित्वाखाली लढली आणि १६ डिसेंबर रोजी ढाक्यात त्यांनीच शरणागतीचा लेख स्वीकारला. त्या युतीचे यश केवळ तेरा दिवसांच्या युद्धात नाही. मार्च १९७२ मध्ये भारतीय सेना निरोपाचे संचलन करून ढाक्यातून परत आली, यातही ते तितकेच आहे. विजयानंतर त्या भूमीवर कोणी राहावयाचे, या चौथ्या प्रश्नाचे उत्तर तेथे स्पष्टपणे दिले गेले : ज्यांची भूमी, त्यांनी.

सरहिंदला ते उत्तर कागदावर कोणी लिहिले नाही. ते काळाने लिहिले. जानेवारी १७६४ मध्ये, पानिपतानंतर बरोबर तीन वर्षांनी, शिखांनी अफगाणांचा फौजदार झैनखान याला ठार करून सरहिंद एकट्याने जिंकले आणि तो मुलूख आपसात वाटून घेतला. कोणी एक गाव घेतले, कोणी दहा. त्याच धामधुमीत गरीबदास नावाच्या सरदाराने मनीमाजऱ्याभोवतीची गावे हस्तगत केली आणि तेथे आपले छोटे संस्थान स्थापले. ते मनीमाजरा आज चंदीगड शहराचाच एक भाग आहे.

अमृतसरला निघालेली मराठी यात्रेकरूंची गाडी अंबाला सोडल्यावर सरहिंद स्थानकावरून जाते. गव्हाची शेते, विटांच्या भट्ट्या आणि दूरवर फतेहगढसाहिबच्या गुरुद्वाऱ्याचे पांढरे घुमट. यापलीकडे खिडकीतून विशेष काही दिसत नाही. परंतु अटकेपारच्या झेंड्याचा अभिमान बाळगणाऱ्याने त्या ठिकाणी क्षणभर थांबून एवढे आठवावे की त्या झेंड्याच्या दोन मजला पुढे आणखी एक निशाण चालले होते. त्या निशाणाला वाट दाखविण्याचे काम मिळाले, वाटा मात्र मिळाला नाही; आणि ज्या दिवशी त्याची सर्वांत अधिक गरज होती त्या दिवशी ते सोबत नव्हते.